खोताची वाडी : नावातला इतिहास

गिरगावातील खोताच्या वाडीत आम्ही विद्यार्थ्यांसह गेलो. अरुंद गल्ल्या, बाहेरून चढणारे लाकडी जिने, नक्षीदार कठडे, कौलारू छपरे. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही घरे आता निम्म्याहूनही कमी उरली आहेत.

वाडीला दादोबा वामन खोत यांचे नाव मिळाले. त्यांचे ते आडनाव. परंतु आमच्या कोकणातल्या मुलांनी ‘खोत’ हा शब्द आजीच्या तोंडून, वेठबिगारीच्या आठवणींसह ऐकला होता. ती खोतीपद्धत नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात मांडले, हे आम्ही तेथेच उभे राहून मुलांना सांगितले.

ही घरे टिकावीत, असे आम्हांस मनापासून वाटते. नक्षी पाहणाऱ्या डोळ्यांना नावातला इतिहासही वाचता यावा, एवढ्यासाठीच या सहली.