पुनवेच्या बुधवारी

फेलोशिपच्या अर्जात ‘संशोधन समस्या’ असा एक रकाना होता, मर्यादा 300 शब्दांची. बाकीचा अर्ज मी दोन दिवसांत भरला. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर, गुणपत्रिका, सगळं आईच्या पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं होतं. त्या एका रकान्यापाशी मात्र तीन आठवडे अडले.

नेट झाली होती, पण जेआरएफ थोडक्यात हुकली होती. महिना 37,000 रुपये हातात आले असते तर घरात कुणाला काही विचारावं लागलं नसतं. ते नाही, म्हणून हा दुसरा अर्ज. विषय ठरलेला होता: मुंबईतल्या कोळी वस्त्यांचा नागरी निर्णयांमधला सहभाग. मी कफ परेडच्या मच्छीमार नगरात वाढले. हा विषय मला शोधावा लागला नाही, तो दारातच होता.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहशतवादी रबरी बोटीतून उतरले ते आमच्याच किनाऱ्याला. मी तेव्हा सात वर्षांची होते. त्यानंतर बंदरावर अधिकारी आले, बैठका झाल्या, खलाशांची ओळखपत्रं निघाली. मच्छीमार हे समुद्रावरचे डोळे आणि कान आहेत, असं आम्हाला वारंवार सांगितलं गेलं. आम्हाला ते पटतंही. पण पुढे कफ परेडच्या समुद्रात भराव घालून 300 एकरांचं उद्यान करायची गोष्ट निघाली, तेव्हा बाबांना बातमी वर्तमानपत्रातून कळली. ज्या पाण्यावर ते रोज जातात, त्या पाण्याबद्दलची बातमी. डोळे आणि कान हवेत, मग आमचं तोंड कुणाला हवं आहे, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून आहे.

पहिल्या मसुद्यात यातलं काहीच नव्हतं. त्यात शेरी अर्नस्टीन होत्या, त्यांची 1969 सालची लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी होती, 74 वी घटनादुरुस्ती आणि प्रभाग समित्या होत्या. शेवटी मी लिहिलं होतं: ‘स्थानिकांमधील जागरूकतेच्या अभावामुळे सहभाग अल्प राहतो.’ मार्गदर्शक मॅडमनी तेवढ्याच ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाल्या, “हे तुला कुणी सांगितलं?”

मला उत्तर देता आलं नाही. ती ओळ मी एका सभेच्या अहवालातून उचलली होती. सभा आमच्याच वस्तीसंबंधी होती, आणि ‘प्रतिसाद अल्प’ असा शेरा मारून अहवाल संपवला होता. हजेरीच्या पानावर जेमतेम नावं, त्यात आमच्या घरातलं एकही नाही. मला त्याची लाज वाटली होती, हे आज सांगायला हवं.

त्या संध्याकाळी बाबा दारात बसून जाळं तुणत होते. जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात अडकवलेली, हातात सुई. मी आईला विचारलं, तुम्ही दोघं त्या सभेला का गेला नाहीत? आईने तारीख विचारली. मी सांगितली. तिने उठून भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं मागे उलटली आणि बोट ठेवलं.

“त्या दिशी पुनव व्हती गो. नि बुधवार. मी बाजारान, तुजा बापूस दर्यान. तितं जाऊन बसाचा कोनी?”

“किती वाजता व्हती?” बाबांनी मान वर न करता विचारलं. मी म्हटलं, अकरा. “पंधराचे पाऊनपट सव्वाअकरा,” ते म्हणाले, आणि पुन्हा सुई चालू केली.

हा हिशोब मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अंदाजाचाच हिशोब, पण दर्यावर पुरतो. पुनव-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, म्हणून डोल जाळ्याची खरी मासळी त्याच दिवसांत मिळते. अष्टमीच्या आसपास भांग पडतो, ओढ मंदावते आणि माणसं घरी सापडतात. सव्वाअकराला भरती पुरी होते, पाणी क्षणभर थांबतं, आणि तेव्हाच जाळं वर घ्यायचं असतं. सभेत हजेरीचा कागद फिरत होता, त्या वेळी बाबांचे दोन्ही हात जाळ्यात होते.

आईचं वेळापत्रक निराळं. पहाटे ससून डॉकवर लिलाव, तिथून पाटी घेऊन बाजार. सोमवार, गुरुवार, शनिवार बरीच गिऱ्हाइकं मासे खात नाहीत. म्हावऱ्याचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार. बुधवारी सकाळी अकराला कोळणीला सभेला बोलावणं म्हणजे तिचा दिवसाचा धंदा मागणं.

मी रकाना पुसला आणि एका रात्रीत पुन्हा लिहिला. सभेची तारीख आणि वेळ कोण ठरवतं, कोणत्या कॅलेंडरवरून ठरवतं, आणि जे आले नाहीत त्यांची गैरहजेरी कागदावर काय म्हणून नोंदली जाते? जाहीर सुनावण्यांच्या तारखा तिथींशेजारी मांडून पाहायच्या, आणि मग माणसांशी बोलायचं, हीच माझी पद्धत. सोबत वरळीचं उदाहरण जोडलं. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून तिथल्या कोळ्यांनी खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं. आराखड्यातले 60 मीटर अखेर 120 झाले, 2022 संपता संपता. लाटेत होडी किती हलते हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. सहभाग म्हणतात तो हाच. मी अर्ज भरत होते त्या 2025 सालात तर मुंबईच्या 227 प्रभागांपैकी एकातही नगरसेवक नव्हता. महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 लाच संपली होती. म्हणजे असल्या सभांवाचून बोलायला दुसरी जागाच उरली नव्हती.

मुलाखतीत एका सदस्यांनी विचारलं, “तुम्ही त्याच वस्तीतल्या. मग तटस्थ कशा राहणार?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, तटस्थ राहीन असं वचन मी देत नाही. तारखा आणि तिथी मात्र कुणालाही तपासता येतील अशा मांडीन, आणि माझ्या लोकांचं चुकलं तिथे तेही लिहीन. आमच्यातही सभेला बायकांना मागे बसवतात, त्यावर माझ्या आराखड्यात एक प्रकरण आहे. ते त्यांनी उलटून पाहिलं आणि बराच वेळ वाचत राहिले.

निकाल अजून लागलेला नाही. काम मात्र सुरू करायचं ठरलं आहे. मॅडमना वस्तीतल्या बायकांना भेटायचं होतं, त्यांनी फोनवर विचारलं, कधी येऊ? मी फोन कानाला धरूनच आईकडे पाहिलं. तिने भिंतीवर नजर टाकली.

“सोमवारी येवाला सांग, दुपारनंतर. भांग हाय, तुजा बापूसपन घरान असंल.”