‘केएल’ आणि एंटर

जुलैत रत्नागिरीत ट्रेसिंग पेपर कधी सपाट राहायचा नाही. सकाळी टेप लावून बोर्डावर ताणलेला कागद दुपारपर्यंत दमट हवेने फुगलेला असायचा, कडा उचललेल्या असायच्या. त्यावर रोट्रिंग पेनाने 0.2ची रेघ ओढायची ती श्वास रोखूनच. रेघ चुकली तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची, खरवडलेल्या जागेवर नख घासून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा आणि मगच नवी रेघ ओढायची. घाई केली की शाई पसरलीच.

आयटीआयमध्ये दोन वर्षं ‘ड्राफ्ट्समन सिव्हिल’ करून आलेली आम्ही बरीच मुलं तेव्हा मारुती मंदिर, माळनाका, शिवाजीनगर भागातल्या ऑफिसांत बोर्डावर उभी असायचो. घरं वेगळी, काम तेच. दाराचा पाव वर्तुळाचा कंस, जिन्याच्या पायऱ्या, जांभ्याच्या भिंतीचे ठिपके, कौलांच्या रांगा. अमोनिया प्रिंट हातात आल्या की नगरपालिकेसाठी प्रत्येक प्रतीवर रंग भरायचा: प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं, सांडपाण्याची लाइन लाल तुटक. एका प्रतीवर जे केलं तेच दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या प्रतीवर. ड्रॉइंग काढायला लागणाऱ्या वेळेपेक्षा ते पुन्हा पुन्हा काढायला जास्त वेळ जायचा.

नव्वदच्या दशकात ऑफिसात कॉम्प्युटर आला. डॉसवरचं ऑटोकॅड, रिलीज 12, काळा पडदा आणि खाली कमांडची ओळ. सुरुवातीला आम्ही त्यावरही बोर्डासारखंच काम करत होतो. प्रत्येक कमांड पूर्ण टाइप करायची किंवा मेनूत शोधत बसायचं. मग कोणीतरी दाखवलं की पीजीपी नावाची एक साधी मजकुराची फाइल आहे. डावीकडे आपल्याला हवं ते आखूड नाव, मग स्वल्पविराम, मग तारा आणि पूर्ण कमांड. बस, एवढंच. उजवा हात माउसवर असतो, म्हणून शक्यतो डाव्या हाताच्या बोटांखाली येतील अशी अक्षरं आम्ही निवडली आणि बरेचदा एंटरऐवजी स्पेसबार वापरू लागलो. महिन्याभरात बोटांना ती नावं पाठ झाली, की-बोर्डाकडे बघायची गरज उरली नाही. ड्राफ्ट्समन एक ऑफिस सोडून दुसरीकडे गेला की खिशात फ्लॉपी असायचीच, तिच्यात त्याची पीजीपी. नव्या टेबलावर पहिलं काम तेच: आपली फाइल चढवायची.

खरी मजा पुढे होती, लिस्पमध्ये. जॉन मॅकार्थी यांनी 1958 मध्ये ही भाषा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनासाठी घडवली. ऑटोडेस्कने 1986 मध्ये ती ऑटोकॅडमध्ये आणली, आणि कमांड घडवण्याचं काम आमच्यासारख्यांच्या हाती आलं. कंसच कंस. एक बंद करायचा राहिला की काही चालायचं नाही. रात्री उशिरापर्यंत कंस मोजत बसायचं, मध्येच वीज गेली की यूपीएस ओरडायला लागायचा. तरीही त्या बैठकांइतका आनंद मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळाला नाही.

आमच्या ऑफिसची ‘केएल’ ही कमांड त्यातूनच झाली. कौलारू छपराचा सेक्शन काढायची. खोलीची रुंदी विचारायची, उतार विचारायची, मग पागोळीकडचा पुढावा. रुंदी 6 मीटर असेल तर अर्धी 3, उतार 30 अंश, म्हणजे वासा 3.46 मीटर. त्यात आडवा 60 सेंटिमीटरचा पुढावा धरला की 4.16. आधी हे कॅल्क्युलेटरवर कोसाइन काढून करायचं आणि मग आढं, वासे, रीपा, मंगळुरी कौलं एकेक करून काढायची. आता ‘केएल’, एंटर, तीन आकडे, आणि छप्पर पडद्यावर.

पण तिच्यातली मला सगळ्यात प्रिय गोष्ट वेगाची नव्हती. चौपाखी छपराला ती चारी बाजूंचा पुढावा वेगवेगळा विचारायची. हे आम्हाला सुचलं नव्हतं, एका म्हाताऱ्या सुताराने सांगितलं होतं. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्या अंगाला भिंत जास्त झाकायला हवी. नाहीतर दर वर्षी झाप बांधत बसावं लागतं. त्याचं ते एक वाक्य आम्ही चार ओळींच्या लिस्पमध्ये बसवलं. पुढे ऑफिसात आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला कमांड चालवतानाच कळायचं की इथल्या घराला दिशा असते.

गुंठ्यांचंही असंच. जमिनीचा लेआउट असला की प्रत्येक प्लॉटचं क्षेत्रफळ काढून, 1089 चौरस फुटांनी भागून, गुंठे लिहायचे. आमची छोटी कमांड प्लॉटवर क्लिक केलं की आकडा मधोमध लिहून मोकळी व्हायची.

सगळ्यांना हे सुख नव्हतं. लहान ऑफिसं परवडतं म्हणून ऑटोकॅड एलटी घ्यायची. ही स्वस्त आवृत्ती 1993 मध्ये आली, पण तिच्यात लिस्प चालायचंच नाही. ते आलं थेट 2024च्या आवृत्तीत, तीस वर्षांनी. ज्याला वेळ वाचवायची सर्वांत जास्त गरज, तोच इतकी वर्षं हाताने तेच ते काढत राहिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आज बरंच काही तयार मिळतं. 2006 पासून डायनॅमिक ब्लॉक आहेत. एकच दार ओढून हव्या त्या मापाचं होतं. आता रंगपेन्सिल लागत नाही, लेयर बरोबर असला की रंग आपोआप येतो. हाताने रंगवणं गेलं ते चांगलंच झालं. प्रतींवर लाल रंग भरण्यात कुणाचं आयुष्य जाऊ नये.

हळहळ वाटते ती फायलींची. ऑफिसं बंद झाली, फ्लॉप्यांना बुरशी लागली, आणि कित्येकांच्या कमांड त्यांच्यासोबत गेल्या. त्यांत इथल्या सुतार-गवंड्यांच्या अशा कितीतरी सूचना होत्या. तयार छप्पर-कमांड आपण बदललं नाही तर चारी बाजूंना सारखाच पुढावा धरते. ती मुंबईलाही तसाच धरते आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या मिऱ्यालाही.

गेल्या पावसाळ्यात ऑफिसातल्या मुलीने एआयकडून छपराची लिस्प लिहून घेतली. दहा मिनिटांत, एकही कंस न चुकता. मी बघितली, खरंच सुरेख होती.

“अगो, पण पुढावा एकच विचारतेय ही,” मी म्हटलं.

“एकच असतो ना, काका?”

तिला जुनी ‘केएल’ दाखवली. प्रिंट माझ्याकडे कागदावर होती, म्हणून वाचली. तिने सुताराची गोष्ट नीट ऐकून घेतली आणि तासाभरात चारही बाजूंचे प्रश्न नव्या कमांडमध्ये घातले. शिवाय पडवीचा उतार मुख्य छपरापेक्षा कमी ठेवायची सोयही स्वतःच्या डोक्याने जोडली, जी आमच्या कमांडमध्ये नव्हती. आता ती फाइल चिपळूण, लांज्यातल्या मुलांकडेही गेली आहे. तिथून कोणीतरी खळ्यावरच्या मांडवासाठी वेगळी कमांड मागितली आहे, आणि ही मुलगी सध्या त्याची मापं गोळा करतेय.