आवाज मोठा, पण शब्द कुठे?

मैत्रिणींनो, घरात वयस्कर माणूस असेल आणि तुमचा डीव्हीडी प्लेअर अजून चालू असेल, तर आजचं लिहिणं तुमच्यासाठी आहे.

आमच्याकडे संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी उरकतं. मग सगळे मिळून एखादा सिनेमा लावतो. सासूबाई ८५ वर्षांच्या. काही महिन्यांपासून त्या मधूनच उठून आपल्या खोलीत जाऊ लागल्या. "काय बोलून राहिले हे, काही समजत नाही," एवढंच म्हणायच्या. आवाज वाढवला की गाण्यांनी भिंती हादरायच्या, कमी केला की बोलणं गायब. दुरुस्तीवाला म्हणाला, "प्लेअर ठीक आहे, आजींना कानाचं मशीन घ्या."

वयाचा भाग असतोच. म्हातारपणी आधी बारीक, उंच आवाज ऐकू येणं कमी होतं. स, श, फ यांसारख्या अक्षरांची ओळख त्याच आवाजांवर असते. म्हणून बोलतंय ते कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. पण मग 'श्यामची आई'ची डिस्क लावली की त्यांना शब्द न् शब्द कसा समजायचा?

उत्तर हिशेबात आहे. १९५३ चा तो सिनेमा, त्याचा सगळा आवाज एकाच खात्यात. नव्या सिनेमाच्या डीव्हीडीवर बहुतेक वेळा ६ खाती असतात, त्यालाच ५.१ म्हणतात. समोर डावं, उजवं आणि मधलं, मागे दोन, आणि एक फक्त घुमणाऱ्या आवाजाचं. माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या खात्यात जमा होतं.

आमच्या प्लेअरच्या मागे ६ भोकं आहेत. त्यांतल्या दोनच भोकांतून लाल-पांढरी वायर टीव्हीला जाते. सेटिंग मात्र ५.१ वर होतं. म्हणजे प्लेअर बोलणं इमानदारीने मधल्या भोकाकडे पाठवत होता आणि तिथे वायरच नव्हती! टीव्हीपर्यंत पोचत होतं ते संगीत आणि गोंगाट.

तुमच्याकडेही असं होत असेल तर रिमोटवरचं सेटअप बटण दाबा आणि ऑडिओ किंवा स्पीकर सेटअपमध्ये जा.

डाउनमिक्स असेल तिथे 'स्टिरिओ' निवडा. मधल्या आणि मागच्या खात्यांतली रक्कम मग डाव्या-उजव्या खात्यात वळती होते. काही प्लेअरमध्ये त्याऐवजी सेंटर स्पीकर 'ऑफ' करावा लागतो.

डिजिटल आउटपुटची वायर टीव्हीला लावली असेल आणि आवाजच येत नसेल, तर 'बिटस्ट्रीम'ऐवजी 'पीसीएम' ठेवा. मग आवाज उलगडायचं काम प्लेअर स्वतः करतो.

'डायनॅमिक रेंज' किंवा 'नाईट मोड' सुरू करा. त्याने मोठे आवाज दबतात आणि हळू बोलणं वर येतं.

डिस्कवर दोन चॅनेलचा ट्रॅक वेगळा दिला असेल, तर रिमोटच्या ऑडिओ बटणाने तोच लावा.

यात खर्च एका रुपयाचाही नाही. कानाच्या डॉक्टरांना मात्र दाखवाच. आम्हीही दाखवलं, कारण सेटिंगने कान बरे होत नाहीत.

सासूबाईंचं माहेर गडचिरोलीकडे, वडशाच्या बाजूचं. झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र जागून पाहणारी ही बाई. तिथे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही संवाद कळला पाहिजे, ही नाटकवाल्यांची पहिली काळजी. अशा माणसाला घरच्याच टीव्हीपुढे परक्यासारखं बसावं लागलं, तर ते एकदम काही बोलत नाही. आधी हसण्यात मागे पडतं, मग "तुम्ही बघा" म्हणतं आणि उठून जातं. आपल्याला वाटतं, आता त्यांना आवड राहिली नाही.

हल्ली सासूबाई शेवटपर्यंत बसतात. खलनायकाला शिव्याही देतात, आणि त्या मात्र सगळ्यांना स्पष्ट ऐकू येतात.