एकाच नंबरचं इंजिन

डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मॉडेल करता येत नाही. वर्षानुवर्षं तेच करत बसलेला माणूस हे सांगतोय. करता येतं ते एका नंबरचं, एका शेडचं, एका ठरावीक काळातलं इंजिन. हे कबूल केलं की निम्मं काम कटरचं उरतं आणि निम्मं चौकशीचं.

आम्हा वसईकडच्या नंदाखाल गावच्या माणसांचं रोजचं नातं लोकलशी. विरार किंवा नालासोपारा गाठायचं आणि गर्दीत शिरायचं. डिझेल इंजिन म्हणजे पाहुणा. वसई रोडहून जूचंद्र, कामण, खारबाव, भिवंडी करत दिव्याला जाणारी पॅसेंजर डिझेलवर धावायची, त्या काळात या पाहुण्याची सवय लागली. आता त्या मार्गावर मेमू धावते, आणि प्रवाशांच्या दृष्टीनं ते बरंच झालं. लोकल थांबली की गप्प होते. हे इंजिन मात्र उभ्या जागी धडधडत राहायचं. मॉडेलमध्ये नेमकं तेच आणता येत नाही, म्हणून बाकी सगळं चोख हवं.

हे मूळचं अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं इंजिन. १९६२ पासून ते आपल्याकडे यायला लागलं. त्याच सुमारास जनरल मोटर्सचं डब्ल्यूडीएम-४ही आलं होतं आणि तेही काही कमी नव्हतं. पण तंत्रज्ञान द्यायला अल्को राजी झाली आणि तिचं पारडं जड झालं. वाराणसीच्या कारखान्यातून जानेवारी १९६४मध्ये पहिलं इंजिन बाहेर पडलं. पुढे १९६९मध्ये खुद्द अल्कोनं गाशा गुंडाळला, वाराणसीत मात्र तेच इंजिन नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिलं. सोळा सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर, वजन ११२ टनांच्या वर. नावातला 'एम' मिक्स्डचा, म्हणजे मालगाडी ओढा नाहीतर पॅसेंजर. खास पॅसेंजरसाठी म्हणून १९९५मध्ये चार एक्सलचं, २३०० हॉर्सपॉवरचं डब्ल्यूडीपी-१ काढलं. त्याची सत्तरसुद्धा बनली नाहीत. जवळच्या पॅसेंजर ओढायचं काम बहुतेक या जुन्या हमालानंच केलं.

आता माप. मी १:८७मध्ये काम करतो. खरं इंजिन बफरपासून बफरपर्यंत १७.१२ मीटर, म्हणजे टेबलावर १९७ मिलिमीटर. इथवर ठीक. घोळ होतो रुळांवर. बाजारात या मापाचे जे तयार रूळ मिळतात त्यांची रुंदी १६.५ मिलिमीटर, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजवरून बेतलेले. आपलं ब्रॉडगेज १६७६चं, त्याला १९.२६ मिलिमीटर लागतात. फरक तीन मिलिमीटरसुद्धा नाही, पण समोरून बघा: पाय जुळवून उभ्या राहिलेल्या जाड्या माणसासारखं इंजिन दिसतं. बरेच जण चालवून घेतात; त्यांची मॉडेलं धावतात तरी. मी तांबं चढवलेल्या पट्ट्या कापून, त्यांवर रूळ सोल्डर करून स्वतःची १९ मिलिमीटरची लाइन घालतो. परिणाम असा की मित्राचं विकतचं इंजिन माझ्या रुळावर चालत नाही आणि माझं त्याच्या. हट्टाची किंमत मोजावी लागते.

घोळाची दुसरी जागा बोगीची. तीन एक्सल, पण त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं. मधलं एका बाजूला सरकलेलं असतं. नवशिका हमखास समान अंतरावर चाकं लावतो. बघणाऱ्याला चूक दाखवता येत नाही, पण इंजिन परकं वाटतं.

सगळ्यात बोलकी जागा म्हणजे बफरखालचे पाइप. व्हॅक्यूम ब्रेकचा पाइप जाडजूड आणि वळ्यावळ्यांचा. एअर ब्रेकचे दोन, सडसडीत. व्हॅक्यूमवर निघालेल्या इंजिनांना पुढे एअर ब्रेकही बसवले गेले. म्हणजे त्या बोटभर जागेत इंजिनाचा काळ वाचता येतो. वळ्यांसाठी मी केसासारखी तांब्याची तार जाड तारेवर घट्ट गुंडाळतो, मॅट काळा रंग देतो आणि मग हलक्या हातानं बाक आणतो. आधी वाकवून मग रंगवलं तर रंग वळ्यांत साचतो. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातली काही इंजिनं तर तोंडावळ्यानंच वेगळी: बुटकं नाक, मोठ्या काचा. त्यांना 'जम्बो' म्हणत.

ही कापाकापी मी कुठे शिकलो असं लोक विचारतात. नाताळच्या गोठ्यात! डिसेंबरात आमच्याकडे वाडीवाडीला येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे उभे राहतात. पुठ्ठ्यातून डोंगर, थर्माकोलमधून गाव काढणाऱ्या पोरांच्या हाताला काटकोन आपोआप कळतो. रंगाचं मात्र सोसून शिकावं लागलं. समुद्र जवळ, हवा दमट. पावसाळ्यात स्प्रे मारला की रंग पांढुरका पडतो. म्हणून कापणी-चिकटवणी पावसात आणि रंग हिवाळ्यात.

रंगवून झालं की मळवायचं. ड्रायव्हरनं नॉच वाढवला की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बो वेग घेऊन पुरेशी हवा देईपर्यंत थोडा वेळ जातो. तेवढ्यात अर्धवट जळलेलं इंधन काळा धूर होऊन बाहेर पडतं. त्यामुळे धुराड्याभोवतीचं छप्पर काळंच हवं. शेडमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी माझं इंजिन हातात फिरवून बघितलं आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे रे बाबा, पण इतकं स्वच्छ आम्ही मंत्री येणार असले तरच ठेवायचो."

वाराणसीचा कारखाना आता विजेची इंजिनं बनवतो. २०२०मध्ये त्याच्या नावातलं 'डिझेल'ही गेलं. कारखान्याचे आराखडे मिळतीलही, पण कुठल्या शेडनं कुठल्या इंजिनाला काय जोडलं हे आराखड्यात नसतं. ते असतं घरोघरच्या अल्बमांत: नवरा-नवरी नाहीतर मुंज झालेला मुलगा प्लॅटफॉर्मवर उभा, मागे इंजिन. तुमच्याकडे असा फोटो असेल तर फ्रेम करताना तो माणसांपुरता कापू नका. मागचा पाच आकडी नंबर आणि बफरखालचे पाइप राहू द्या.