फटफटीवरून प्रवरेच्या उगमाकडे

सरकारी कचेऱ्यांना २०२० सालच्या फेब्रुवारीअखेरीपासून शनिवारची सुटी लागू झाली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना वाटलं की हा गृहस्थ आता दोन दिवस आरामखुर्चीत पेपर वाचीत बसणार. मी मात्र वीस वर्षांची माझी हिरो होंडा फटफटी धुऊन काढली, चेनला तेल दिलं, कॅरिअरला एक ताडपत्री आणि घोंगडी बांधली आणि बाहेर पडलो. तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी मी असा जातो. नोकरीत तीस वर्षं गावोगाव हिंडलो, पण ते हिंडणं कामाचं. बांधावर उभं राहायचं, कीड बघायची, सांगायचं ते सांगायचं आणि पुढच्या गावाला पळायचं. त्या गावातली रात्र कशी असते हे कधी कळलं नाही.

माझा एक नेम आहे. हमरस्त्याने जायचं नाही. गावाला गाव जोडणारा जो आतला रस्ता असतो, त्यानेच जायचं. वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामाची जागा धरायची आणि ज्याची जागा असेल त्याला विचारूनच ताडपत्री टाकायची. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट घरातून भाकरी आली नाही असं क्वचितच घडलं.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मात्र मी एकटा नव्हतो. आमचे साडू बरोबर होते. साडूंची शेती श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या पाटाच्या पार शेपटाला. आठ एकर, त्यातला पाच एकर ऊस. त्यांच्या वडिलांनी याच पाटाच्या पाण्यावर सावकाराचं देणं फेडलं आणि तीन बहिणींची लग्नं केली, त्यामुळे त्या घरात उसाला वाकडं बोललेलं चालत नाही. गेली दहा वर्षं मी ठिबकाचं सांगतोय आणि गेली दहा वर्षं साडू हसून चहा मागवतायत. दुष्काळी वर्षी जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की मात्र हे हसू जातं. २०२३ च्या नोव्हेंबरात वरच्या धरणांतून तसं पाणी सुटलं, तेव्हा ते आठवडाभर कुणाशी नीट बोलत नव्हते. "आमचं पाणी चाललं पाव्हणं, आमच्या डोळ्यांदेखत!" एवढंच.

एकदा मी सहज विचारलं, "तुमचं पाणी येतं कुठून, ते बघितलंय का?"

"भंडारदऱ्यातून. शेंबडं पोर सांगेल."

"पण बघितलंय का?"

बघितलेलं नव्हतं. पंचावन्न वर्षांचा माणूस, जन्मभर ज्या पाण्यावर जगला ते जिथून निघतं ती जागा सव्वाशे किलोमीटरवर, आणि तिथं कधी गेलेला नाही. त्यांच्या म्हाताऱ्या आई पलीकडे बसून शेंगा फोडीत होत्या. त्या म्हणाल्या, "जा की रे. आन् येताना उगमाचं पानी आन बाटलीभर. प्रवरासंगमाला गोदावरीत मिळती तिथं मी चाळीस वर्षं न्हाले, पण निघती कुठून ते काय मला बघायला मिळायचं न्हाई आता."

मग कुणाची टाप होती नाही म्हणायची!

शनिवारी पहाटे निघालो. बेलापूर, कोल्हार, लोणी, आश्वी असं नदीच्या अंगाने वर सरकत गेलो. दोन्ही अंगांना ऊस, मका आणि घास. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, आणि हा सगळा मुलूख उसाचा झाला. ओझरचा बंधारा आला तेव्हा मी गाडी थांबवली. भंडारदऱ्याहून नदीतून आलेलं पाणी इथं अडवून डाव्या-उजव्या पाटांत घालतात. तेव्हा आवर्तन नव्हतं, म्हणून पाट कोरडा होता. साडू काठावर उभे राहून बराच वेळ बघत राहिले. "एवढ्याशा दारातून येतं होय?" म्हणाले.

संगमनेर मागे टाकलं आणि अकोल्याला पेट्रोलची टाकी गळ्यापर्यंत भरली. पुढे डोंगरात पेट्रोल मिळेलच या भरवशावर राहू नये. अकोल्यानंतर रस्ता चढाला लागतो आणि शेतं लहान होत जातात. निळवंडे धरणाचं पाणी मधूनमधून दिसतं. या धरणाला मंजुरी १९७० सालची आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २०२३ सालच्या ऑक्टोबरात. मधल्या काळात ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांची नातवंडं बापे झाली. राजूर मागे पडलं की हवा बदलते. रंधा धबधब्यापाशी थांबलो, पण आवर्तन नसलं की उन्हाळ्यात रंधा म्हणजे नुसता काळा कडा. पाणी सोडलं की तो कोसळतो, बंद केलं की गप्प. नदीला नळासारखी तोटी बसलेली बघून मला नेहमीच थोडं चमत्कारिक वाटतं.

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला दिलं. उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ टीएमसीच्या आसपास. शेंडीपासून जलाशयाला वळसा घालणारा जो रस्ता आहे तो फटफटीवाल्याने एकदा तरी करावा. मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत असा फिरून तो पुन्हा शेंडीला येतो. एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. रतनगड, अलंग, कुलंग आणि मागे १६४६ मीटरांचं कळसूबाई. रस्ता अरुंद आहे, वळणावर खडी सांडलेली असते, तेव्हा पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. साडूंनी दाबला नाही, कारण चालवीत मी होतो. पण मागे बसून त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दोन दिवस दुखत होता.

वाटेत करवंदं विकणाऱ्या पोरींकडून पानाच्या द्रोणातून करवंदं घेतली. शेताशेतांतून राब भाजलेले दिसत होते. काळ्या राखेचे चौकोन, जसे कुणी जमिनीला ठिगळ लावलं आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी राब भाजू नका म्हणून व्याख्यानं देत असे. झाडांच्या फांद्या तोडल्या जातात हे खरंच आहे. पण भाजलेल्या जमिनीत तणाचं बी मरतं आणि भाताचं, नागलीचं रोप निकोप येतं, हे मला शिकवलं ते अशाच एका महादेव कोळी म्हाताऱ्याने. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे पदवी नव्हती आणि माझ्याकडे आहे, एवढं लिहून पुढे जातो.

रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे. काळ्या दगडाचं, शेकडो वर्षांपूर्वीचं, आणि कोरीव काम असं की साडूंसारखा माणूसही पायऱ्यांवर गप्प बसला. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात ते इथल्या लोकांना सांगावं लागत नाही. जवळच दगडी पुष्करणी आहे. मागच्या रतनगडाच्या डोंगरातून नदी निघते. पण आम्ही गेलो तेव्हा नदी म्हणजे पांढऱ्या धोंड्यांची एक रांग होती. साडू बाटली हातात घेऊन त्या धोंड्यांत उभे राहिले. "आता आईला काय सांगू?" म्हणाले.

मुक्काम पुढच्या एका वाडीत केला. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका घरमालकाला विचारून त्याच्या जांभळीखाली, पाण्याच्या वरच्या अंगाला ताडपत्री टाकली. फटफटी बाजूच्या स्टँडवर लावली आणि इथं माझं शहाणपण कमी पडलं. जमीन भुसभुशीत होती. स्टँड हळूहळू रुतला आणि जेवायच्या वेळी गाडी धाडकन आमच्या पिठल्याशेजारी आडवी झाली. आरसा गेला, पिठलं वाचलं. वाचकांनी लक्षात ठेवावं, स्टँडखाली चपटा दगड घातल्याशिवाय मऊ जमिनीवर गाडी सोडू नये.

अंधार पडला आणि काजवे आले. पावसाच्या आधीचे दोन-तीन आठवडे या भागात त्यांचे. एका झाडावर हजारो, सगळे जणू ठरवून एकदम लुकलुकतात आणि एकदम विझतात. हे त्यांचं जोडीदाराला बोलावणं असतं. काजव्याची अळी गोगलगाई खाते, म्हणजे शेतकऱ्याचा हा फुकटचा गडी. गाडीचे दिवे आणि बॅटऱ्या मारल्या की बिचाऱ्यांना जोडीदार सापडत नाही. शहरांतून ते बघायला मोटारी येतात त्या नेमके दिवे लावूनच येतात आणि जाताना बाटल्या टाकून जातात. आम्ही दिवा विझवून पडून राहिलो. साडू लहान मुलासारखे मोजत होते. मग थांबले.

पहाटे चार-सव्वाचारला माणसांच्या बोलण्याने जाग आली. बायका हंडे घेऊन निघाल्या होत्या. डोंगरात एक झरा आहे, त्याच्या खड्ड्यात रात्रभर पाणी साठतं. जी आधी जाईल तिला मिळतं. जायचं-यायचं मिळून तीन किलोमीटर. साडू उठून बसले. खाली चांदण्यात धरणाचं पाणी चमकत होतं. परत येणाऱ्या एका म्हातारीला त्यांनी विचारलं, "मावशी, एवढं पानी समोर हाय, आन् तुम्ही तिकडं कशाला जाता?"

ती हंडा न उतरवताच म्हणाली, "ते धरनाचं. खाली गाळ हाय गुडघाभर, आन् वर आनायचं कशानं? ते खाल्लाकडच्या लोकांचं."

रागाने नाही म्हणाली. ऊन पडलं, वारा सुटला असं सांगावं तशी म्हणाली.

साडूंच्या हातात ती रिकामी बाटली तशीच होती. तिनेच विचारलं, काय पाहिजे. उगमाचं पाणी आईला न्यायचं आहे, देवापुढं ठेवायला, असं त्यांनी चाचरत सांगितलं. म्हातारीने हंडा उतरवला. साडू नको नको म्हणत असताना बाटली ओढून घेतली आणि तोंडापर्यंत भरली. सांडू नये म्हणून वरून पदर धरला होता. पैसे पुढे केले तर म्हणाली, "पान्याचं कुनी घेतं का?"

परतीच्या वाटेवर राजूरपर्यंत साडू काही बोलले नाहीत. तिथं चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "पाव्हणं, एक हंडा किती लिटरचा धरायचा?"

"पंधरा."

"आन् माझ्या एका एकर उसाला, मोकळं सोडलं तर?"

हे मी त्यांना दहा वर्षांत किती वेळा सांगितलं असेल! तरी पुन्हा सांगितलं. साधारण एक कोटी लिटर. त्यांनी टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून हिशेब मांडला. साडेसहा लाखांच्या वर हंडे निघाले. बोटाने ते पुसून टाकलं आणि म्हणाले, "चला." मी काही बोललो नाही. माझ्या नोकरीतलं बोलायचं सगळं मी आधीच बोलून बसलो होतो. आणि खरं सांगायचं तर त्या एक कोटी लिटरांत मीही वाटेकरी आहे. माझा पगार, माझ्या मुलांची शिक्षणं, सगळं त्याच मुलखातल्या शेतीवर झालेलं आहे.

ठिबकाचं मी नंतर विचारलं नाही. दोन एकरांपासून सुरुवात करीन म्हणतात. केली की कळवीन.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईंनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, दिव्यापुढे धरून बघितली. "नितळ हाय," म्हणाल्या. मग विचारलं, "कुणी भरून दिलं?"

साडूंनी सगळं सांगितलं. हंडा, खड्डा, पहाटेची वाट. आई ऐकून घेत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मग तिला काय दिलंस?"

"पैशे घेईना ती."

"पैशे कशाला द्यायचे? घरात काय न्हाई का?" आई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि सुनेला हाक मारून कोपऱ्यातली गुळाची ढेप पुढे ओढायला लावली. धडप्यात बांधली. मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला शनवारची सुटी असती ना?"

पाऊस सुरू झाला की त्या रस्त्याला दरडी येतात, म्हणून पुढच्याच शनिवारी निघालो. या खेपेला माझ्या मागच्या सीटवर ढेप होती, आणि साडू स्वतःची फटफटी घेऊन आले होते.