जुनी गाडी पाहताना

स्थळ पाहायला जाताना घरातला एक जाणता माणूस बरोबर घ्यावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. जुनी मोटार पाहायला जाताना तो माणूस उद्यमनगरातला मेस्त्री असावा, एवढे तारतम्य मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकालाही असते.

आईच्या गुडघ्यांनी एस. टी.ची पायरी नाकारली आणि तिचे गडहिंग्लजला भावाकडे जाणे थांबले. तेव्हा सौभाग्यवतींनी बँकेतली ठेव मोडण्याचा हुकूम काढला. ठेव तीन लाखांची. एवढ्यात नवी गाडी कुठली? रमणमळ्यातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांची २०१८ सालची गाडी विकायची आहे, असे कळले आणि आम्ही उभयता निघालो. वाटेत शिवाजी उद्यमनगरातून मेस्त्रींना घेतले. या भागात लेथचा आवाज आणि भज्यांचा वास एकदमच येतो. बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. तेव्हापासून यंत्राला हात घालायला इथला माणूस भीत नसावा.

दसरा चौकात मला छत्रपतींची मेबॅक आठवली. स्वातंत्र्याच्याही आधीची ती गाडी दसऱ्याच्या सोहळ्यात अजून दिमाखाने येते.

"त्या मानाने आपली गाडी म्हणजे पोरच की!" मी म्हणालो.

"वयाचं काय न्हाई सर," मेस्त्री म्हणाले. "पाण्यात बसली हुती का, तेवढं बघायचं."

कोल्हापूरकराला याहून अधिक सांगावे लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत ती ५५ फुटांच्या पुढे गेली. तेव्हा आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ तळमजल्यावर राहत होतो. दुसऱ्या पुरानंतर राजारामपुरीच्या चढावर बिऱ्हाड हलवले.

गाडी देखणी होती. मी भोवती एक प्रदक्षिणा घातली, टायरला हलकेच लाथ मारली (का मारतात कोण जाणे, पण मारतात) आणि "छान आहे" म्हणालो. मेस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलेच नाही. दार उघडून आत डोके घातले आणि वास घेतला. मोगऱ्याचे अत्तर होते. "एवढं अत्तर कशापायी?" ते स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांनी सीटचा पट्टा धरला आणि ओढत ओढत पार शेवटापर्यंत बाहेर काढला. रोजच्या वापरात पट्टा अर्धाच बाहेर येतो. उरलेला गुंडाळीत राहतो आणि तो धुवायचे कुणाला सुचत नाही. त्या उरलेल्या पट्ट्यावर तपकिरी रेघ होती. मेस्त्रींनी पायाखालचा गालिचा उचकटला, स्टेपनी काढून तिच्या खळग्यात बोट फिरवले आणि ते बोट माझ्यासमोर धरले. बारीक, मऊ, करडा गाळ. शाहूपुरीतल्या घरातून मी तो आठवडाभर खरवडला होता. मला ओळख पटवून द्यायची गरज नव्हती.

"इंजिन साफ करता येतंय," मेस्त्री म्हणाले. "पण वायरींच्या जोडात पाणी गेलं की तांबं आतनं हिरवं पडतंय. आज चालंल, उद्या घाटात दिवं जातील."

मला घाटात अंधारात बसलेली आई दिसली.

अधिकारी चहाचा ट्रे घेऊन पायरीवर उभे होते. रागावतील असे मला वाटले. ते रागावले नाहीत. "मी ही २०२२ मध्ये घेतली," ते हळू म्हणाले. "दुसऱ्याकडूनच. मला त्यांनी सांगितले होते, गाडी पुरात नव्हती." अत्तराची बाटलीही गाडीबरोबरच आली होती म्हणे! मुलीच्या लग्नासाठी पैसे उभे करायचे होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "सर, पुढच्या गिऱ्हाइकाला हे सांगायलाच हवे, नाही?"

वर्गात मी या प्रश्नावर तासभर बोललो असतो. तिथे मी कपातला चहा ढवळत राहिलो. उत्तर सौ.ने दिले. "हो, सांगा," ती म्हणाली, "आणि तेवढी किंमत कमी करा." अधिकाऱ्यांनी मान हलवली.

मेस्त्रींनी पाचशे रुपये घेतले. "तीन लाख वाचलं, आता मिसळ तरी चारा," असे म्हणून तीही वसूल केली.

रात्री अंथरूण घालताना सौ.ने विचारले, "अहो, २०२१च्या पुरात बुडालेला आपला फ्रिज तुम्ही वाळवून, पुसून विकलात. त्या माणसाला सांगितले होते?"

"नाही."

"कोण होता तो?"

लक्षतीर्थ वसाहतीतला एक नुकतेच लग्न झालेला मुलगा होता. हातगाडीवर फ्रिज चढवताना त्याने मला वाकून नमस्कार केला होता. हे मी तिला सांगितले आणि दिवा मालवला.