वाचनालयाची पाटी

आमच्या वाचनालयाला रस्त्याकडेला नवी पाटी हवी होती. फ्लेक्स स्वस्त, पण दोन पावसाळ्यांत चिंध्या. साधं प्लायवूड कडांतून पाणी पिऊन फुगतं. घ्यायचंच तर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय घ्यावं. लोखंडी पत्रा कोकणच्या खाऱ्या हवेत गंजतो. शेवटी एसीपी ठरलं. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर, वजनाला हलकं. ८ बाय ४ फुटांचा अख्खा तुकडा मिळतो, जोड नको.

तरुण मंडळी म्हणाली, "सर, दुप्पट मोठी करू." म्हटलं, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. मे २०२४ मध्ये घाटकोपरला फलक कोसळून १७ माणसं गेली. आपल्या पाटीखाली तर मुलं सायकली लावतात.

मोठेपणाचे वाचलेले पैसे खांबांवर आणि पायावर घातले.